सलग क्रमांकाच्या दोन डिस्क

अर्जदार : श्रीमती रंजना सुधाकर ढोके, व्यवसाय घरकाम, राहणार विश्रांतवाडी, मूळ गाव वाशीमकडील.
मयत : सुधाकर ढोके, अर्जदाराचे पती, इमारतीच्या कामावर सेंट्रिंग करणारे.
जाब देणार : (१) श्री. मोघे, संगणक-विक्रेते, नारायण पेठ. (२) अनिकेत, संगणक अभियंता, माझा सख्खा भाचा.
साक्षीदार : गजानन राऊत, मयताचा सहकारी. सध्या ठावठिकाणा नाही.
अर्जलेखक : वसंत गणपत शेलार, राहणार कसबा पेठ. म्हणजे प्रस्तुत लेखक.
घटनेचा काळ : गणपती बसण्याच्या आधीपासून दिवाळीनंतरच्या सुनावणीपर्यंत. नेमक्या तारखा मूळ प्रकरणात नमूद आहेत. ठेकेदाराचे नाव येथे हेतुपुरस्सर घातलेले नाही, कारण ज्या पुराव्याच्या बळावर ते घालता आले असते, तो पुरावाच या हकिगतीचा विषय आहे.

हकिगत येणेप्रमाणे.

"मले ते माया मोबाईलवर द्या न, साहेब," रंजनाबाई म्हणाल्या.

मी नाही म्हणालो.

त्या माझ्या घरी, पुढच्या खोलीत बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी पिंकी, शाळेच्या गणवेशात. दाराशी गजानन राऊत उभा होता. बस म्हटले तरी तो बसला नाही. संगणकाच्या पडद्यावर नुकतीच एक क्लिप संपली होती.

क्लिप लहान होती. सुधाकर ढोके नवव्या मजल्यावर उभे आहेत, डोक्याला रुमाल बांधला आहे. हात लांब करून ते म्हणतात, "पाह्य पिंकी, इथून पुरं पुणं दिसते. थे तिकडं पर्वती. तुले आणीन एकदा." मग स्वतःच हसतात. त्यांचा मोबाईल साधा, बटणांचा होता. म्हणून गजाननने आपल्या मोबाईलवर हे चित्रण केले. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर मुलीला दाखवायचे ठरले होते. त्याच दुपारी ढोके डक्टमध्ये पडले. लिफ्ट बसण्याआधी इमारतीत जी उभी रिकामी पोकळी असते, तिला साइटवर डक्ट म्हणतात.

क्लिपमध्ये ढोक्यांच्या पाठीमागे तोच डक्ट स्पष्ट दिसत होता. फळी नाही, दोरी नाही, कठडा नाही. पंचनामा संध्याकाळी झाला. तोवर तेथे कठडा उभा राहिला होता. चौकशीच्या अहवालात वाक्य आले : "संरक्षक कठडा असतानाही मयत स्वतःच्या निष्काळजीपणामुळे खाली पडला."

रंजनाबाई माझ्याकडे आल्या त्या या एका वाक्यासाठी.

"पैसे देतीन तं देतीन, नाही तं नाही," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "थे वाक्य काढा. शाळंत पोट्ट्या हिले म्हणतात, तुया बाप पिऊन पडला. त्यानं कधी सुपारी खाल्ली नाही."

मी फेरचौकशीचा अर्ज लिहिला. अर्जासोबत पुरावा म्हणून ही क्लिप द्यायची होती. गजाननने ती माझ्या संगणकात उतरवू दिली आणि आमच्यादेखत मोबाईलमधून पुसून टाकली.

"मायाकडं नको, साहेब. सुपरवायझर मोबाईल पाह्यते. अजून थ्याच साइटवर हाओ मी."

अशा रीतीने जगात त्या क्लिपची एकच जागा उरली. ती म्हणजे माझे घर. आणि म्हणून रंजनाबाई ती आपल्या मोबाईलवर मागत होत्या.

मी नकार का दिला, ते सांगणे प्राप्त आहे. क्लिप मोबाईलवरून मोबाईलवर पाठवली की ती दाबून लहान होते. तिची मूळ तारीख-वेळ बदलू शकते. मग समोरचा पक्ष विचारतो, यातली मूळ कोणती? शिवाय ती नातेवाइकांत फिरते, कुणी तिच्यावर गाणे घालतो, कुणी फुलांची चौकट लावतो. माझ्या व्यवसायात मूळ एक असते, सत्यप्रत एक असते. उरलेले सगळे कागद रद्दी.

"सुनावणी होऊ द्या," मी म्हणालो. "त्याच दिवशी तुमच्या मोबाईलवर देतो."

"इथं पक्कं राहीन न?"

"बाई, अख्ख्या पुण्यात याहून पक्की जागा नाही."

त्यांनी पिंकीला उठवले. पिंकी म्हणाली, "अजून एक डाव लावा न काका." मी लावली. ती तिने दुसऱ्यांदा पाहिली. तिसऱ्यांदा पाहण्याचा योग आला नाही.

आता ती पक्की जागा कोणती, ते वाचकांस विदित करतो.

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि न्यायालयाच्या फाटकाबाहेर माझे टेबल आहे आणि माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवण्याचे धाडस आजवर एकाही वकिलाने केलेले नाही. टाइपरायटर गेला, संगणक आला. मराठी टाइप करणारी पोरे पुढे पुण्याच्या सगळ्या गल्ल्यांत झाली, पण अर्ज 'बांधता' येणारा माणूस आजही फाटकाबाहेर शोधावाच लागतो. पक्षकारांची कागदपत्रे स्कॅन करून जपण्याची पद्धत आमच्या फाटकावर मी सुरू केली. कालांतराने संगणक भरला. घरात गठ्ठे होतेच.

तेव्हा अनिकेतने नॅस घ्यायला सांगितले. नॅस म्हणजे घरातल्या इंटरनेटच्या यंत्राला जोडायचा, पोळ्यांच्या डब्याएवढा एक डबा. आत हार्ड डिस्क बसवतात. घरातला कुठलाही संगणक त्यात कागद ठेवतो, हवे तेव्हा काढतो. अनिकेत हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. त्याचे बोलणे असे :

"मामा, टू-बेचा घ्या, म्हणजे दोन खणांचा. दोन डिस्क टाका आणि मिररिंग ऑन करा. एकीवर जे लिहाल ते दुसरीवर ऑटोमॅटिक सेम टू सेम. एक उडाली तरी दुसरी आहे. चिल मारा."

मला ही योजना तत्काळ पटली. एक मूळ, एक सत्यप्रत. माझे आयुष्य याच तत्त्वावर गेले आहे.

डबा कोणताही चालतो. निवडायच्या असतात त्या डिस्क. त्यासाठी मी नारायण पेठेत श्री. मोघे यांच्या दुकानी गेलो. मोघे जुने माणूस आहेत. दुकानात पाटी आहे : 'किंमत एकच आहे. ती विचारल्यावर कमी होत नाही.'

"हार्ड डिस्क दाखवा. उत्तम प्रतीची," मी म्हणालो.

"वाईट प्रतीची आम्ही ठेवत नाही. कशासाठी हवी?"

मी सांगितले. तेव्हा त्यांनी तीन प्रकार काचेवर मांडले आणि समजावले. पहिली साधी, कचेरीतल्या संगणकाची. सकाळी चालू, संध्याकाळी बंद, एवढीच तिची कुवत. दुसरी कॅमेऱ्यांची. सोसायटीच्या फाटकावरचे चित्रण ती दिवसरात्र लिहीत राहते, पण तिला वाचायला फारसे कुणी सांगत नाही. तिसरी खास नॅसची. अखंड फिरणे, शेजारच्या डिस्कची थरथर सोसणे, खोलीतला उन्हाळा सोसणे, यासाठी बनवलेली. ती महाग होती. मी तीच घेतली.

येथवर माझी निवड चोख होती, असे पुढे मोघ्यांनीही मान्य केले आहे.

मी वॉरंटी किती ते विचारले. सील तपासले. एखादी वापरून परत आलेली तर नाही ना, हे विचारले. मोघे म्हणाले, "अहो, मुलगी देताय का घेताय?" मी दुर्लक्ष केले. मग दोन्ही डिस्कवरचे क्रमांक वाचले. ते एकमेकांपासून फार लांबचे होते.

"हे असे का?"

"एक जुन्या खोक्यातली आहे, एक नव्या. माल तोच."

"मला सलग क्रमांकाच्या हव्यात."

मोघ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सलगच हव्यात?"

येथे माझ्या व्यवसायातली एक रीत सांगितली पाहिजे. एका दस्ताला एकाहून अधिक स्टँप पेपर लागले, तर ते सलग क्रमांकाचे असावेत, असा आमचा दंडक आहे. एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून, एकामागोमाग एक. क्रमांक तुटला की समोरचा वकील बोट ठेवतो. मधला कागद मागाहून घुसवला, असा संशय निघतो. तुटक क्रमांकाचे स्टँप पेपर घेऊन आलेल्या कित्येक माणसांना मी टेबलावरून परत पाठवले आहे. मूळ आणि सत्यप्रत ज्या डिस्कवर राहायची, त्या तरी तुटक कशा चालतील?

"सलगच," मी म्हणालो.

"नक्की?"

"मोघे, गिऱ्हाइकाने दोनदा सांगायचे असते का?"

"नाही, नाही. एकदा पुरतं." त्यांनी नवे खोके उघडले. आत अंड्यांच्या पुठ्ठ्यासारख्या खाचांत डिस्क उभ्या होत्या. शेजारशेजारच्या दोन उचलून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. "घ्या. जुळी भावंडं."

मी समाधानाने घरी आलो. अनिकेतने रविवारी येऊन त्या बसवल्या. त्याने क्रमांक पाहिले नाहीत. पाहिले असते तर बोलला असता की नाही, हे त्याने आजतागायत सांगितलेले नाही.

दोन पावसाळे डबा निमूट चालला. दुसऱ्या पावसाळ्याअखेर, संगणकात जागा नसल्याने, ढोक्यांची क्लिप मी त्यातच ठेवली होती; त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतर एका दुपारी तो ओरडू लागला.

कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज होता. दोन हिरव्या दिव्यांपैकी एक तांबडा झाला होता. सुनावणी दिवाळी उलटल्यावर लागलेली होती. मी घाबरलो नाही. एक डिस्क गेली, सत्यप्रत शाबूत आहे. याचसाठी तर हा खटाटोप होता. मी अनिकेतला फोन लावला.

"मामा, नो टेन्शन. तशीच नवीन डिस्क आणा, जुनी काढून तिथे घाला. तो आपोआप रीबिल्ड करतो. म्हणजे चांगल्या डिस्कवरून नवीवर सगळं कॉपी करतो. एक दिवस लागेल."

मी मोघ्यांकडून नवी डिस्क आणली आणि घातली. काम सुरू झाले. पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलांनी सरकू लागले.

आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या पिंकीच्या बाबांचं तेवढं आधी वेगळं काढून ठेवायचं का हो?"

मी पुन्हा फोन लावला. तो मंडळींनीच माझ्या हातून घेतला.

"मामी, आता टच करू नका त्याला," अनिकेत म्हणाला. "रीबिल्ड चालू असताना लोड टाकायचा नाही. पूर्ण होऊ दे, मग काय हवं ते काढा."

"बाळा, पण ते फार महत्त्वाचं आहे रे."

"म्हणूनच तर सांगतोय, मामी."

आम्ही हात लावला नाही. मंडळींनी डब्याच्या खोलीतला पंखाही चालू ठेवला, त्याला उकडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर असताना घरून फोन आला. डबा आता ओरडत नव्हता. आतून टक, टक, टक असे वाजत होते. छतातून बादलीत पाणी गळावे तसे. मी रिक्षाने घरी पोहोचलो तोवर दुसरा दिवाही तांबडा झाला होता. टक्का जेथे थांबला होता, तेथेच थांबलेला होता.

याचे तांत्रिक स्पष्टीकरण मला मोघ्यांच्या दुकानात, दोन्ही डिस्क काचेवर ठेवल्यावर मिळाले. ते असे. एका खोक्यातल्या डिस्क एकाच कारखान्यात, एकाच पाळीत तयार होतात. एकाच ट्रकमधून येतात. खोके हमालाच्या हातून आपटले तर सगळ्यांना सारखाच दणका बसतो. एखाद्या भागात खोट असली तर ती सगळ्यांत असते. पुढे त्या एकाच डब्यात, एकाच उन्हाळ्यात, सारखेच तास फिरतात. म्हणून पुष्कळदा बरोबरच थकतात. पहिली मेल्यावर रीबिल्ड सुरू झाला की दुसरीला अथपासून इतिपर्यंत, विश्रांतीशिवाय वाचले जाण्याचे काम पडते. आजारी माणसाला त्याच्या भावाच्या तिरडीला खांदा द्यायला लावावे, तसे ते आहे.

"म्हणून जाणते लोक दोन डिस्क वेगवेगळ्या लॉटच्या घेतात," मोघे म्हणाले. "काही जण तर दोन दुकानांतून घेतात. तुम्ही मुद्दाम सलग मागितल्यात."

"तुम्ही बोलला नाहीत."

"मी दोनदा विचारलं होतं. 'सलगच हव्यात?' आणि मग 'नक्की?'"

"विचारलंत. सांगितलं नाहीत."

"अहो शेलार, पुण्यात दोनदा विचारणं म्हणजे सांगणंच असतं."

ते चष्मा पुसू लागले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वॉरंटीत बदलून देतो दोन्ही. नव्या कोऱ्या. पण आत काय होतं, त्याची वॉरंटी जगात कुठलीच कंपनी देत नाही."

डिस्क उघडून आतले काढणारे लोक असतात. मोघ्यांनी स्वतः दोन्ही तिकडे पाठवल्या. दिवाळीचे कंदील उतरायच्या सुमारास त्या परत आल्या. आतल्या तबकड्यांवर ओरखडे होते. काही पक्षकारांचे सातबारे मिळाले, एका गृहस्थाचे अर्धे मृत्युपत्र मिळाले. क्लिप मिळाली नाही.

गजाननचा मोबाईल पाहावा म्हणून मी साइटवर गेलो. तो काम सोडून गेला होता. कुणी म्हणाले सुरतेला, कुणी म्हणाले गावी. त्याचा नंबर लागत नव्हता.

रंजनाबाईंना हे मी फोनवर सांगितले नाही. विश्रांतवाडीला त्यांच्या खोलीवर गेलो. त्या भांडी घासत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले, क्रमवार, जसे येथे लिहिले आहे तसे. त्यांनी नळ बंद केला.

"मंग माया मोबाईलवर काहून नाही देलं?"

मी क्लिप दाबली जाण्याचे कारण पुन्हा सांगू लागलो. दोन वाक्यांनंतर थांबलो.

सुनावणीस अर्जलेखकाला बोलण्याचा अधिकार नसतो. मी बाहेरच्या बाकावर होतो. थोड्या वेळाने शिपायाने मला आत बोलावले.

"अर्जात चित्रफितीचा उल्लेख आहे. ती कुठे आहे?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले.

"होती, साहेब."

"होती म्हणजे?"

मी सांगितले.

"कठडा नव्हता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पडद्यावर पाहिलं."

"पडद्यावरच्या गोष्टीची साक्ष मी कशी नोंदवू, शेलार? तुम्हाला कायदा मी सांगायचा का?"

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी रंजनाबाईंना बसायला सांगितले, पाणी मागवले. मग कागदावर लिहिले की अर्जाच्या पुष्ट्यर्थ कोणताही पुरावा दाखल करण्यात आलेला नाही, सबब पूर्वीचा निष्कर्ष कायम.

वाक्य राहिले. पहिल्या अहवालात होते तसेच, शब्दाला शब्द. आयुष्यभर मी वाक्ये बांधली. लोकांची घरे, नावे, जमिनी, नोकऱ्या त्या वाक्यांवर उभ्या राहिल्या. हे एक, दुसऱ्याने निष्काळजीपणे लिहिलेले वाक्य मला खोडता आले नाही.

बाहेर पायऱ्यांवर रंजनाबाईंनी विचारले, "थ्या दोन डब्या हायेत तुमच्यापाशी?"

"डिस्क? आहेत. पण बंद पडल्यात. वॉरंटीसाठी परत द्यायच्या आहेत."

"देऊ नका. मले द्या."

"बाई, त्यातून आता काही निघणार नाही."

"निघत नाही म्हंता. पण हाये तं त्यातच न? पिंकीच्या बापाचा आवाज."

दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी आल्या. मी दोन्ही डिस्क मूळच्या पाकिटांत घालून दिल्या. त्यांनी त्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली ठेवल्या आणि बसथांब्याकडे गेल्या. मोघ्यांना मी कळवले की बदली डिस्क नकोत. "समजलो," एवढेच ते म्हणाले.

वाचकांनी यातून घ्यावयाचे ते इतकेच. घरी असा डबा ठेवणार असाल तर नॅससाठीच बनवलेल्या डिस्क घ्या, पण दोन्ही एका खोक्यातल्या घेऊ नका. क्रमांक जितके लांब, तितके बरे. स्टँप पेपरचा नियम येथे उलटा आहे. आरशाला सत्यप्रत समजू नका, कारण ज्या भिंतीवर तो टांगला आहे ती पडली तर तोही पडतो. एक प्रत त्या घराच्या बाहेर ठेवा. तांबडा दिवा लागला तर नवी डिस्क घालण्याआधी जे सर्वांत मोलाचे आहे ते बाहेर काढा. आणि ज्याची वस्तू आहे त्याने तिची प्रत मागितली, तर द्या. ती दाबून लहान झाली तरी चालेल.

सबब जाब देणाऱ्यांस या हकिगतीद्वारे विनंती की, श्री. मोघे यांनी यापुढे सलग क्रमांकाच्या डिस्क मागणाऱ्यास प्रश्न न विचारता स्पष्ट शब्दांत नाही म्हणावे. त्याचप्रमाणे त्यांनी व चि. अनिकेत यांनी पुढील प्रश्नाचे उत्तर द्यावे : एकत्र जन्मलेल्या डिस्क एकत्र मरतात, हे आपणांस आधीपासून ठाऊक होते काय? असल्यास, ते न सांगण्याचे कारण काय?

उत्तर लेखी असावे, सहीनिशी असावे आणि मराठीत असावे. ते श्रीमती रंजना ढोके यांच्या विश्रांतवाडी येथील पत्त्यावर पाठवावे. त्यांना वाचता येते. पिंकीलाही येते.

माझ्यामार्फत पाठवू नये.

वसंत गणपत शेलार
अर्जलेखक